गियरच्या दांड्यावर नाव कोरणारा जॉर्ज हर्स्ट

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे, पितळी दिवे किंवा घड्याळे जमवणारी माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीची असतात. परंतु मोटारीचे गियर बदलण्याचे जुने दांडे जमवणारी माणसेही जगात आहेत, हे ऐकून आपल्या पुष्कळ वाचकांना नवल वाटेल. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी आणि कार्लाइल या गावी जुन्या मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे मोठे बाजार भरतात. तेथे गंजलेल्या बंपरांच्या आणि जुन्या दिव्यांच्या गर्दीत असे दांडेही मांडलेले असतात. माणसे ते हातात घेतात, मागेपुढे हलवून पाहतात, त्यांच्यावरची अक्षरे बोटाने पुसून वाचतात आणि चांगली किंमत मोजून घरी नेतात.

हे दांडे मोटारीबरोबर कारखान्यातून आलेले नसतात. मोटार घेतल्यावर मालकाने स्वतःच्या खर्चाने वेगळे विकत घेऊन बसवलेले असे ते सामान असते. अन्सेन, फॉक्सक्राफ्ट, स्पार्कोमॅटिक अशा अनेक कंपन्या असे दांडे बनवीत. परंतु संग्राहकांच्या तोंडी सर्वांत आधी येणारे नाव असते हर्स्ट. ज्या माणसाचे हे नाव, त्या जॉर्ज हर्स्टची कथा मोटारीचा शौक नसलेल्यांनीही वाचण्यासारखी आहे. एका साध्या लोखंडी दांड्याने त्याला नाव आणि पैसा दिला. पुढे त्याची कंपनी त्याच्या हातून गेली. परंतु त्याच माणसाच्या कल्पनेतून निघालेले दुसरे एक अवजार आजही अपघातात सापडलेल्या माणसांचे प्राण वाचवते.

नौदलातून गॅरेजात

जॉर्ज हर्स्टचा जन्म १९२७ चा. ते दिवस अमेरिकेत मोठ्या मंदीच्या तोंडावरचे होते आणि पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने शाळा सोडली आणि तो अमेरिकेच्या नौदलात दाखल झाला. युद्ध संपल्यावरही तो नौदलातच राहिला आणि १९५४ मध्ये बाहेर पडला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. शिक्षण अर्धवट, हाताशी मोठे भांडवल नाही, अशी त्याची स्थिती होती. यंत्राची आवड आणि काम करण्याची उमेद एवढेच त्याच्याजवळ होते.

फिलाडेल्फिया शहराच्या परिसरात त्याने मोटारदुरुस्तीचे गॅरेज उघडले. युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हाती त्या काळी थोडाफार पैसा आला होता. जुनी मोटार स्वस्तात घ्यायची, तिच्यात नवे ताकदवान इंजिन बसवायचे आणि रविवारी ती शर्यतीत पळवायची, हे वेड अमेरिकेत सर्वत्र पसरले होते. १९५५ मध्ये शेव्हरोले कंपनीने आठ सिलिंडरांचे आटोपशीर इंजिन बाजारात आणले. ते इंजिन इतके लोकप्रिय झाले की लोक ते इतर कंपन्यांच्या मोटारींतही बसवू लागले. परंतु एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यात सहज बसत नाही. त्यासाठी वेगळे आधार, म्हणजे इंजिन माउंट लागतात. हर्स्ट असे माउंट बनवू लागला. त्याच सुमारास बिल कॅम्बेल हा जोडीदार त्याला मिळाला. दोघांनी मिळून हर्स्ट-कॅम्बेल ही कंपनी उभी केली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिचे लक्ष इंजिनावरून गियरच्या दांड्याकडे वळले.

दांड्याची अडचण काय होती?

येथे थोडी यांत्रिक माहिती द्यायला हवी, कारण हर्स्टच्या यशाचे मर्म तिच्यातच आहे.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कंपन्यांनी गियरचा दांडा जमिनीवरून उचलून सुकाणूच्या खांबावर नेला. पुढच्या लांब बैठकीवर तिघांना ऐसपैस बसता यावे, हा त्यातला हेतू होता. मुंबईला जाऊन आलेल्या आपल्या वाचकांनी तेथील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत असा सुकाणूजवळचा गियर पाहिला असेल. त्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. बाजारहाटाला आणि प्रवासाला ही व्यवस्था ठीक होती. परंतु हाताची हालचाल खांबातून खाली, तेथून सळयांमधून आणि सांध्यांमधून गियरपेटीपर्यंत जात असे. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई आली की सगळ्यांची मिळून पुष्कळ होई. सावकाश गियर बदलताना ते जाणवत नसे. शर्यतीत मात्र एका क्षणाचाही उशीर चालत नाही. दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात जाताना दांडा नेमका कोठे गेला हे कळले नाही, तर तो पहिल्यात घुसे, इंजिन भलत्याच वेगाने फिरे आणि कधी कधी त्याचे किंवा गियरपेटीचे तुकडे होत.

१९५७ पासून काही अमेरिकन मोटारींना चार गियरांची पेटी आणि जमिनीवरचा दांडा मिळू लागला. तरीही कारखान्यातून येणारी दांड्याची यंत्रणा बऱ्याचदा नाजूक असे. पत्रे पातळ, सांधे ढिले. जोर लावला की दांड्याला जोडलेल्या सळया वाकत. म्हणजे शेकडो घोड्यांच्या ताकदीचे इंजिन, मजबूत गियरपेटी आणि त्या दोघांना हुकूम देणारा दांडा मात्र कच्चा, असा प्रकार होता.

हर्स्टने या दुव्याकडे लक्ष दिले. त्याच्या दांड्याची यंत्रणा जाड पोलादी पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेली असे. आत अशा स्प्रिंगा होत्या की दुसरा गियर सोडताच दांडा आपोआप तिसऱ्या-चौथ्या गियरच्या रेषेत येई, चालकाला चाचपडावे लागत नसे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चौकटीला पुढे आणि मागे दोन बोल्ट होते. गियर पूर्ण बसला की दांडा त्या बोल्टावर येऊन थांबे. चालकाने उत्साहाच्या भरात कितीही जोराने दांडा ओढला, तरी तो जोर बोल्टावर संपे आणि गियरपेटीतील नाजूक भागांना धक्का लागत नसे. हे बोल्ट प्रत्येक मोटारीप्रमाणे कमीजास्त करता येत. यंत्रणा बसवताना पाव इंच जाडीची एक सरळ सळई चौकटीतील भोकांतून आरपार घालायची, म्हणजे सर्व पट्ट्या मध्यावर, कोणताही गियर नसलेल्या जागी, एका रेषेत येत. मग बाहेरच्या सळयांची लांबी जुळवायची आणि ती सळई काढून घ्यायची. एखाद्या साध्या मेकॅनिकलाही घरच्या अंगणात करता येईल असे हे काम होते.

आज हे वाचताना त्यात मोठा शोध कोणता, असे कोणाला वाटेल. शोध फार मोठा नव्हताच. जमिनीवरचे दांडे हर्स्टच्या आधीही इतर कंपन्या विकत होत्या. माणूस घाईत असेल, घाबरलेला असेल, जास्तच जोर लावील, हे धरून हर्स्टने आपली वस्तू बनवली आणि ती सहज मोडणार नाही इतकी भक्कम केली. आपल्या दांड्याला त्याने आयुष्यभराची हमी दिली. ती हमी ऐकून तरुण मुलांचा विश्वास बसला आणि वस्तू वापरल्यावर तो पक्का झाला.

शर्यतीचे मैदान हेच दुकान

माल चांगला असला तरी तो लोकांपर्यंत न्यावा लागतो. या बाबतीत हर्स्ट कारागिराइतकाच व्यापारीही होता. वर्तमानपत्रात जाहिराती देण्यापेक्षा तो थेट शर्यतीच्या मैदानावर गेला. अमेरिकेत पाव मैलाच्या सरळ रस्त्यावर दोन मोटारी शेजारी उभ्या करून पळवण्याची जी शर्यत असते, तिथे गियर किती झटपट बदलला यावरच बऱ्याचदा निकाल लागतो. हर्स्टचे दांडे तेथे जिंकू लागले. आपला दांडा वापरून जिंकणाऱ्याला त्याने १९६१ मध्ये चक्क एक नवी पाँटिअ‍ॅक मोटार बक्षीस दिली. त्या काळी एखाद्या सुट्या भागाच्या कंपनीने एवढे मोठे बक्षीस देणे ही चर्चा होण्यासारखीच गोष्ट होती.

त्याचा आणखी एक उपक्रम सांगण्यासारखा आहे. जॅक वॉटसन नावाचा त्याचा एक कुशल माणूस होता. मोठ्या शर्यतींच्या ठिकाणी हर्स्ट कंपनीची फिरती कार्यशाळा उभी राही आणि वॉटसन तेथे शर्यतपटूंचे बिघडलेले दांडे दुरुस्त करून देई. मोटारींच्या या वैद्याला लोक डॉक्टर म्हणूनच ओळखू लागले. शर्यतीच्या दिवशी, ऐन वेळी अडलेल्याचे काम करून दिले की तो माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दुकानदारांना हे सांगायला नको.

हर्स्टला दिखाव्याचीही हौस होती. १९६४ च्या इंडियानापोलिस शर्यतीसाठी स्मोकी युनिक या नामांकित कारागिराने एक अजब मोटार बनवली होती. तिच्यात चालकाची बैठक मुख्य सांगाड्याच्या बाजूला, वेगळ्या डब्यात होती. तिला हर्स्टच्या जमिनीवरच्या दांड्याचे नाव दिले होते. पात्रतेच्या फेरीत तिला अपघात झाला आणि ती शर्यतीत उतरलीच नाही. पण तिची आठवण राहिली आणि ती मोटार इंडियानापोलिसच्या संग्रहालयात पोचली. १९६५ मध्ये एका प्लिमथ बॅराकुडा मोटारीच्या मागच्या मोठ्या काचेखाली प्रचंड इंजिन बसवले गेले. मागच्या चाकांवर वजन येऊन ती जास्त वेगाने धावेल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. सुटताच तिची पुढची चाके आकाशाकडे उचलली गेली. शर्यतीच्या दृष्टीने हे निरुपयोगी होते, पण प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले आणि हर्स्टने त्या फसलेल्या प्रयोगाचाच खेळ करून गावोगावी दाखवला.

१९६६ पासून लिंडा व्हॉन ही तरुणी हर्स्ट कंपनीची सुवर्ण दांड्याची राणी म्हणून मैदानांवर दिसू लागली. माणसाहून उंच असा सोनेरी गियरचा दांडा मोटारीवर उभा करून, त्याला धरून ती प्रेक्षकांना हात करीत मैदानाची फेरी मारी. आजच्या काळात अशा जाहिरातीवर टीकाही होईल. परंतु लिंडा व्हॉनने पुढे अनेक वर्षे शर्यतपटूंच्या जगात स्वतःच्या बळावर मान मिळवला, हेही नमूद केले पाहिजे.

कारखान्याच्या मोटारीत परक्याचे नाव

हर्स्टच्या आयुष्यातील मानाचे पान पाँटिअ‍ॅक कंपनीशी जोडलेले आहे. १९६४ मध्ये पाँटिअ‍ॅकने जीटीओ ही मोटार काढली. मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे इंजिन बसवण्याची तिची कल्पना इतकी यशस्वी झाली की पहिल्याच वर्षी ३२,४५० मोटारी विकल्या गेल्या. या मोटारीत कारखान्यातूनच हर्स्टचा दांडा बसवून येत असे. म्हणजे जी वस्तू तरुण मुले नंतर वेगळी विकत घेत, ती आता जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने आपल्या हाताने बसवली.

पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, त्याहून मोठी गोष्ट घडली. दांड्यावर हर्स्टचे नाव कोरायला परवानगी मिळाली. मोठ्या कंपन्या शेकडो छोट्या कारखान्यांकडून माल घेतात, पण त्यांची नावे गिऱ्हाइकाला कधी दिसू देत नाहीत. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या, एका गॅरेजातून वर आलेल्या माणसाचे नाव चालकाच्या हाताखाली पाचही अक्षरांत चमकू लागले. पाँटिअ‍ॅकने हे उपकार म्हणून केले नव्हते. ते नाव पाहून तरुण गिऱ्हाईक मोटार घेतो, हे त्यांना कळून चुकले होते.

त्यानंतर इतर कंपन्याही हर्स्टच्या दाराशी आल्या. १९६७ च्या जीटीओत त्याचा दुहेरी मार्गाचा दांडा मिळू लागला. एका बाजूच्या खाचेत ठेवला की गियर आपोआप बदलत, दुसऱ्या बाजूच्या खाचेत नेला की चालक हवा तेव्हा हाताने बदलू शके. एकाच घरातील दोन स्वभावांच्या माणसांसाठी एकच मोटार, अशी ती सोय होती. १९६८ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीबरोबर हर्स्टच्या नावाचीच एक मोटार निघाली. जनरल मोटर्सच्या नियमाप्रमाणे मध्यम मोटारीत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायला बंदी होती. या मोटारीत ४५५ घनइंचांचे इंजिन होते. बाहेरच्या कंपनीचे नाव जोडून ओल्ड्समोबिलने नियमाला वळसा घातला. रुपेरी आणि काळ्या रंगाच्या अशा केवळ ५१५ मोटारी त्या वर्षी निघाल्या. १९६९ मध्ये अमेरिकन मोटर्ससाठी १,५१२ रॅम्बलर मोटारी हर्स्टच्या सहभागाने तयार झाल्या. १९७० च्या डॉज आणि प्लिमथ मोटारींत पिस्तुलाच्या मुठीच्या आकाराचा जो दांडा आला, त्याची यंत्रणाही हर्स्टचीच होती.

मृत्यूच्या जबड्यातून

शर्यतीचे जग जवळून पाहणाऱ्याला त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. वेगाने आदळलेल्या मोटारीचा पत्रा चुरगळतो आणि चालक आत अडकून पडतो. त्या काळी अशा माणसाला बाहेर काढायला पहारी, करवती आणि साखळ्या वापरीत. करवतीच्या ठिणग्या उडत आणि खाली पेट्रोल सांडलेले असे. अशाच एका अपघातात जखमी चालकाला बाहेर काढायला तासाहून अधिक वेळ गेलेला हर्स्टने पाहिला. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याने त्यावर उपाय शोधायला घेतला.

त्याने जे अवजार पुढे आणले ते तेलाच्या दाबावर चालते. मोटारीच्या ब्रेकमध्ये पायाचा थोडासा दाब तेलातून चाकापर्यंत जाऊन मोठा होतो, तेच तत्त्व येथे आहे. पंप तेलाला दाब देतो, तेल दट्ट्या पुढे ढकलते आणि दट्ट्यामुळे अवजाराचे दोन बळकट बाहू हळूहळू उघडतात. चुरगळलेल्या दाराच्या फटीत त्यांची टोके घातली की पत्रा बाजूला होतो. ठिणगी नाही, हादरा नाही, आतल्या जखमी माणसाला धक्का नाही. पहिली अवजारे वजनाला भारी होती, पुढे ती हलकी होत गेली. १९७० च्या दशकात ती शर्यतीच्या मैदानांवरून गावोगावच्या अग्निशामक दलांकडे पोचली. मृत्यूच्या जबड्यातून माणूस ओढून काढणारे अवजार म्हणून त्याला जॉज ऑफ लाइफ, म्हणजे जीवनाचा जबडा, हे नाव पडले. या नावाचे श्रेय कंपनीतील माईक ब्रिक यांना दिले जाते.

आज अशा प्रकारची अवजारे अनेक कंपन्या बनवतात आणि जगभरच्या अग्निशामक दलांकडे ती असतात. रस्त्यावर अपघात झाल्यावर लाल गाडीतून उतरलेले जवान जेव्हा चेपलेले दार उघडतात, तेव्हा त्यांच्या हातातील अवजाराचे मूळ एका शर्यतवेड्या माणसाच्या डोक्यात आहे, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. वेगाचे साहित्य विकून पैसा मिळवणाऱ्या या माणसाला वेगाने होणारा नाश दिसला आणि त्याने नजर फिरवली नाही, ही त्याच्या चरित्रातील मोठी गोष्ट होय.

कंपनी गेली, नाव राहिले

१९६८ मध्ये हर्स्टच्या कंपनीचे शेअर लोकांना विक्रीस निघाले. धंदा भरभराटीत होता. परंतु शेअर बाजारात गेलेली कंपनी पूर्वीसारखी घरची राहत नाही. १९७० मध्ये घरगुती विजेची उपकरणे बनवणाऱ्या सनबीम या मोठ्या कंपनीने हर्स्टची कंपनी ताब्यात घेतली. त्यानंतर थोड्याच काळात स्वतः जॉर्ज हर्स्ट तिच्या कारभारातून बाहेर पडला. ज्याचे नाव प्रत्येक दांड्यावर कोरलेले होते, त्याच्या शब्दाला त्या नावाच्या कंपनीत वजन उरले नाही.

काळही फिरला होता. ताकदवान मोटारींचे विम्याचे हप्ते वाढले. धुराविषयीचे कायदे कडक झाले. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. मोठ्या इंजिनांचा जमाना संपला. हर्स्टचे नाव असलेल्या मोटारी अधूनमधून निघत राहिल्या. १९८३ आणि १९८४ च्या हर्स्ट-ओल्ड्स मोटारींत तर एकाऐवजी तीन दांडे शेजारी शेजारी होते. पण तोपर्यंत जॉर्ज हर्स्टचा त्या धंद्याशी संबंध राहिला नव्हता. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात, वयाची साठ वर्षे पुरी होण्याआधीच, त्याचे निधन झाले.

त्याचे नाव त्यानंतरही हातोहात फिरत राहिले. कंपनीमागून कंपनी बदलत दांड्यांचा धंदा आता हॉली या कंपनीकडे आहे, तर जीव वाचवणारे अवजार आयडेक्स या वेगळ्याच कंपनीच्या मालकीचे आहे. एकाच माणसाची दोन कामे दोन घरी गेली, आणि दोन्ही घरांनी त्याचे नाव मात्र काढले नाही. कारण ते काढले तर गिऱ्हाईक कमी होईल, हे त्यांनाही ठाऊक आहे.

जमवणाऱ्यांनी काय पाहावे?

आता पुन्हा त्या बाजारातल्या टेबलाकडे वळू. जुना हर्स्ट दांडा विकत घेताना जाणकार लोक काही गोष्टी बारकाईने पाहतात. आपल्या बेटावरही जुन्या मोटारींचे शौकीन आहेत, त्यांना त्या उपयोगी पडाव्यात.

पहिली गोष्ट, नुसता चमकणारा वरचा दांडा म्हणजे सगळी वस्तू नव्हे. खरी किंमत खालच्या यंत्रणेत असते. शर्यतवाल्यांची सर्वांत आवडती यंत्रणा काँपिटिशन प्लस या नावाची. तीन गियरांसाठी मिस्टरी शिफ्टर ही कमी किमतीची आवृत्ती होती. तीही आता आवडीने जमवली जाते, कारण कमी पैशांतला माल लोक जपून ठेवीत नाहीत आणि म्हणून तो चांगल्या स्थितीत क्वचित मिळतो.

दुसरी गोष्ट, यंत्रणा सारखी दिसली तरी प्रत्येक मोटारीसाठी तिला बसवण्याची पट्टी आणि सळया वेगळ्या असत. शेव्हरोलेचा संच फोर्डला चालत नाही. पुष्कळ लोक यंत्रणा घेऊन घरी येतात आणि सळया शोधण्यात वर्षे घालवतात. म्हणून सगळा संच एकत्र मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. मूळ खोका, बसवण्याच्या सूचनांचा कागद आणि ती पाव इंची सळई सोबत असेल तर संग्राहक त्याला भाग्य समजतात.

तिसरी गोष्ट, पुष्कळ दांडे चालकाच्या बाजूला झुकलेले असतात. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे तो उजवीकडे बसतो. त्यामुळे तेथील दांडा येथील मोटारीत बसवला तर तो हाताजवळ येण्याऐवजी दूर जातो. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर हरकत नाही. वापरायचा असेल तर आधी विचार करावा.

चौथी गोष्ट, आतील नायलॉनच्या बुशांची झीज झाली असेल तर घाबरू नये, त्या बदलता येतात. पण चौकटीच्या पट्ट्या वाकल्या असतील किंवा कोणी त्यांना जोड देऊन ठेवला असेल, तर तो माल सोडून द्यावा. नव्याने बनवलेले दांडे जुने म्हणूनही विकले जातात. बऱ्याच दांड्यांवर क्रमांक ठोकलेला असतो. तो जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहावा आणि मगच खिशात हात घालावा.

पाचवी गोष्ट खास आपल्यासाठी. समुद्राची खारी हवा क्रोमच्या मुलाम्याची शत्रू आहे. बारीक ठिपके पडू लागले की गंज मुलाम्याखाली शिरतो आणि मग तो घासून जात नाही. दांडा कोरड्या कापडाने पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा आणि तो लाकडी पेटीत, सुक्या जागी ठेवावा.

एक प्रश्न संग्राहकांमध्ये नेहमी निघतो. असा दांडा काचेच्या कपाटात ठेवावा की मोटारीत बसवून वापरावा? दोन्ही पक्षांजवळ कारणे आहेत. वापरला तर झिजेल, ठेवला तर टिकेल. परंतु हर्स्टने ती वस्तू घाईतल्या, घामेजल्या हातांसाठी बनवली होती. जी वस्तू मोडू नये म्हणून एवढा विचार केला गेला, ती निदान कधीतरी हातात धरून, तिचा तो ठाम खटका अनुभवून पाहायला हवी. काचेमागून तो कळत नाही.

जॉर्ज हर्स्टने विमान शोधले नाही की इंजिन शोधले नाही. इतरांनी दुर्लक्ष केलेला एक सांधा त्याने पाहिला आणि तो पक्का केला. पुढे चेपलेल्या मोटारीत अडकलेला माणूसही त्याने तशाच नजरेने पाहिला. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांनी या बेटावर हातानेच कष्ट करून संसार उभे केले. त्यांच्या वंशजांना अशा माणसाची किंमत वेगळी सांगायला नको. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या मोटारीच्या दांड्यावर ती पाच अक्षरे दिसली, तर घरातील मुलांना त्या नावामागची ही हकीगत जरूर सांगावी.